घड्याळ म्हणतं ‘डीप स्लीप’ फक्त ४७ मिनिटं, काळजी करू का?

सिंहगड_रोडवाला
मंडळी, गेल्या महिन्यात वाढदिवसाला बायकोने स्मार्ट घड्याळ दिलं. तोवर माझी झोप चांगली होती, म्हणजे चांगली असावी, कारण मी त्यावर कधी विचारच केला नव्हता. आता रोज सकाळी दात घासायच्या आधी रिपोर्ट बघतो. कालचा असा: एकूण ६ तास ५० मिनिटं, त्यात लाइट ४ तास ४१, रेम १ तास २२ आणि डीप फक्त ४७ मिनिटं. खाली १०० पैकी ६१ गुण, लाल रंगात. दहावीच्या गणितानंतर इतकी लाज कधी वाटली नव्हती. आता होतंय काय की रात्री आडवा झालो की मनात तेच, आज डीप व्हायला पाहिजे, आज डीप व्हायला पाहिजे, आणि त्या नादात साडेबारा वाजतात.

वय ४४, बीपी-शुगर नाही, दिवसा पेंगत नाही. हे डीप आणि रेम नक्की असतं काय, ४७ मिनिटं म्हणजे कमी का, आणि वाढवायचं कसं? सासूबाई जायफळ घातलेलं दूध म्हणतायत, ऑफिसातला एक जण मॅग्नेशियमच्या गोळ्या म्हणतोय.

रुमाल_टाकू
रुमाल टाकून ठेवतेय. माझं डीप ३८ आहे :(

कुंभकर्णाचा_भाचा
आमच्या मातोश्रींकडे घड्याळ नाही तरी रिपोर्ट रोज मिळतो. “मेल्या, नऊ वाजले.” गुण शून्य.

रात्रपाळी
मी झोपेच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, नाशिकला. डॉक्टर नाही हे आधीच सांगते, पण गेली अकरा वर्षं लोकांना झोपताना बघणं हीच नोकरी आहे, त्यामुळे थोडं लिहिते.

आमच्याकडे पेशंट आला की डोक्याला तारा, डोळ्यांच्या बाजूला तारा, हनुवटीला तारा, पायाला तारा, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनची चिमटी. इतकं सगळं लावल्यावर पेशंट हमखास विचारतो, “मॅडम, आता झोपू कसा?” आणि अर्ध्या तासात घोरायला लागतो. मग मेंदूच्या लहरींचा आलेख आम्ही ३०-३० सेकंदांची पानं करून वाचतो आणि प्रत्येक पानावर शिक्का मारतो, जागा, एन१, एन२, एन३ की रेम.

एन१ म्हणजे डुलकी. एसटीत मान पडते आणि आपण “मी जागाच होतो” म्हणतो ती. एन२ मध्ये आलेखावर मधूनच एक झुबका येतो, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता, चरख्याच्या चातीसारखा, त्याला म्हणतातच स्पिंडल. मोठ्या माणसाची जवळजवळ निम्मी रात्र या एन२ मध्येच जाते, आणि तुमचं घड्याळ ज्याला ‘लाइट’ म्हणून नाक मुरडतं त्यात हीच झोप जास्त असते. ती वाया गेलेली झोप नव्हे, त्या स्पिंडलचा संबंध दिवसा शिकलेलं पक्कं होण्याशी लावतात.

एन३ म्हणजे तुमचं ते डीप. मोठ्या, संथ लाटा. ३० सेकंदांच्या पानात निदान ६ सेकंद त्या लाटा दिसल्या तरच एन३ म्हणायचं. आधी याचे तिसरी आणि चौथी असे दोन टप्पे होते (१९६८ चे नियम), २००७ पासून दोन्ही मिळून एन३. माणूस इथे असताना बेल वाजवली तरी उठत नाही, उठवलाच तर “कोण? कुठे?” करत बसतो. वाढीचं संप्रेरक सगळ्यात जास्त याच काळात स्रवतं.

आणि रेम. मेंदूचा आलेख जवळजवळ जाग्या माणसासारखा, बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतायत, श्वास वेडावाकडा, पण हनुवटीची तार एकदम सपाट, कारण मान-हात-पाय सगळे स्नायू सैल सोडलेले. डोळे आणि श्वासाचा पडदा तेवढे चालू.

हे सगळं ओळीने येत राहतं, एक फेरी साधारण ९० मिनिटांची, रात्रीत चार-पाच. पण सगळ्या फेऱ्या सारख्या नसतात. डीप जवळजवळ सगळं पहिल्या दोन फेऱ्यांत उरकतं, आणि रेम पहाटेकडे लांबत जातं.

४७ मिनिटांचं नंतर लिहिते, एका पेशंटची तार निघालीये.

तर्कटराव
बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत), रात्रपाळी ताई. एवढं सोपं कुणी सांगितलं नव्हतं.

गोदातीर
उत्तम माहिती. या निमित्ताने मांडूक्य उपनिषदाची आठवण झाली. जेमतेम बारा मंत्र, पण जाग्रत, स्वप्न, सुषुप्ती आणि चौथी तुरीय अशी मांडणी त्यात आहे. “यत्र सुप्तो न कञ्चन कामं कामयते न कञ्चन स्वप्नं पश्यति तत् सुषुप्तम्”, जिथे झोपलेला कसलीही इच्छा करत नाही, कुठलंही स्वप्न पाहत नाही, ती सुषुप्ती. म्हणजे स्वप्नाची झोप वेगळी आणि बिनस्वप्नाची वेगळी हा भेद आपल्याकडे फार जुना आहे.

कुंभकर्णाचा_भाचा
आला. आला. मी घड्याळ लावून बसलो होतो, पाचव्या प्रतिसादाच्या आत येणार म्हणून.

तर्कटराव
गोदातीर सर, मंत्र सुंदर आहे, पण स्वप्न म्हणजे रेम आणि सुषुप्ती म्हणजे डीप अशी जोडी लावली की गडबड होते. लोकांना रेम नसलेल्या झोपेतून उठवून विचारलं तरी बरेच जण काहीतरी चाललं होतं असं सांगतात. रेममधली स्वप्नं जास्त लांब, रंगीत, गोष्टीसारखी असतात हे खरं, पण बाकी झोप कोरी नसते.

आणि रेम सापडलं ते डोळे मिटून नव्हे, यंत्र लावून. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की नावाचा एक विद्यार्थी होता, पैशांची ओढाताण, घरी लहान मुलगा. त्याने तळघरात पडलेलं जुनं यंत्र दुरुस्त केलं आणि आपल्याच आठ वर्षांच्या पोराच्या, आर्मंडच्या, डोक्याला तारा चिकटवून रात्र रात्र बसला. मध्येच सुया थयथयाट करायला लागल्या, याला वाटलं पोरगं जागं झालं, जाऊन बघतो तर गाढ झोपलेलं. आधी यंत्रच बिघडलंय असं वाटलं. त्याचे गुरू नॅथॅनिएल क्लेटमन इतके संशयी की त्यांनी स्वतःच्या मुलीवर करून बघितलं तेव्हा पटलं. १९५३ मध्ये दोघांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. तोवर झोप म्हणजे दिवा मालवणे असंच बहुतेक सगळे समजत होते.

अवांतर: हेच क्लेटमन १९३८ मध्ये केंटकीच्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले होते, २८ तासांचा दिवस शरीराला पचतो का बघायला. त्यांच्याबरोबरच्या तरुण विद्यार्थ्याला जमलं, यांना नाही जमलं. पुढे १०४ वर्षं जगले.

गोदातीर
तर्कटराव, मी ‘आपल्याला सगळं आधीच ठाऊक होतं’ असं कुठे म्हटलंय, नीट वाचा. मला त्यातला प्रश्न आवडतो. उठल्यावर माणूस म्हणतो, “छान झोप लागली, काहीसुद्धा कळलं नाही.” काहीच कळलं नाही तर छान होती हे कुणाला कळलं? यावर वेदान्त्यांनी पानंच्या पानं लिहिली आहेत.

तर्कटराव
हा प्रश्न मात्र भारी आहे सर. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मागे घेतो.

रुमाल_टाकू
आं? तर्कटरावांनी मागे घेतलं? स्क्रीनशॉट काढून ठेवा कुणीतरी.

मालवणीखाजा
मला वेगळं विचारायचं आहे. कॉलेजात असताना मालवणला आजीच्या घरी पडवीत झोपलो होतो. पहाटे जाग आली, डोळे उघडे, वरचे वासे दिसतायत, समुद्र ऐकू येतोय, पण हात हलेना, तोंडातून आवाज फुटेना आणि छातीवर कोणीतरी बसलंय असं शंभर टक्के वाटत होतं. कोपऱ्यात काळं काहीतरी उभं. अर्धा मिनिट असेल, मला तासभर वाटला. आजीला सांगितलं तर तिने दुसऱ्या दिवसापासून उशाखाली अडकित्ता ठेवला आणि पडवीऐवजी माजघरात झोपवलं. परत कधी झालं नाही. आता हसू येतं पण तेव्हा पार फाटली होती.

रात्रपाळी
@मालवणीखाजा, हे रेमचंच. मी म्हटलं ना, रेममध्ये स्नायू सैल सोडलेले असतात, कधी कधी मेंदू आधी जागा होतो आणि स्नायूंची कुलपं काही सेकंद तशीच राहतात. त्यात स्वप्नाचा उरलासुरला भाग उघड्या डोळ्यांसमोर दिसतो, म्हणून ते काळं. श्वासाचा पडदा चालू असतो पण छातीचे बाकी स्नायू सैल, म्हणून छातीवर ओझं वाटतं. उताणं झोपलं की आणि झोपेच्या वेळा बिघडल्या की जास्त होतं. परीक्षा होती का तेव्हा?

मालवणीखाजा
होय होय, नुकतीच संपली होती, महिनाभर जागरणं. म्हणजे अडकित्त्याचा काही उपयोग नाही?

सोलापुरी_चादर
सुपारी कातरायला आहे की.

दोन_पिल्लांची_माय
धाग्यावर आधी यायला हवं होतं. आमचा धाकटा, साडेचार वर्षांचा, आठवड्यातून दोनदा तरी रात्री अकराच्या सुमारास किंचाळत उठून बसतो. डोळे उघडे, घामाघूम, मला ओळखत नाही, जवळ घेतलं तर ढकलतो. पाच-दहा मिनिटांनी आपोआप आडवा होतो. सकाळी विचारलं तर त्याला काही म्हणजे काही आठवत नाही, मस्त पोहे खातो, आणि आम्ही दोघं भुतासारखे बसलेलो. सासूबाई मीठ-मोहरीने दृष्ट काढतात. डॉक्टरांनी ‘मोठा झाला की जाईल’ एवढंच सांगितलं.

रात्रपाळी
बरोबर सांगितलं त्यांनी. हे वाईट स्वप्न नव्हे. वाईट स्वप्न पहाटे पडतं, रेममध्ये, मूल पूर्ण जागं होतं, रडत सांगतं की वाघ आला होता. हे अकरा वाजता, म्हणजे झोपून दोनेक तासांत, ऐन डीपमधून मेंदू अर्धवट वर येतो. अर्धा जागा अर्धा झोपलेला. झोपेत चालणारी मुलंही याच टप्प्यातली. लहान मुलांचं डीप इतकं पक्कं असतं की लग्नाहून येताना रिक्षातून उचलून पलंगावर टाकलं तरी कळत नाही, तिथूनच हे येतं. हलवून उठवू नका, फक्त पडणार-आपटणार नाही एवढं बघा. दुपारची झोप बुडाली की वाढतं असं बऱ्याच आया सांगतात. फारच वारंवार व्हायला लागलं किंवा झटके आल्यासारखं वाटलं तर मात्र पुन्हा दाखवा.

दोन_पिल्लांची_माय
दुपारची झोप!! जूनपासून शाळेत झोपवत नाहीत, तेव्हापासूनच सुरू झालंय. खूप खूप आभार. आणखी एक, थोरली तान्ही असताना झोपेत खुदकन हसायची, आजी म्हणायची सटवाई हसवतेय. ते पण यातलंच का?

रात्रपाळी
हो, तान्ह्या बाळाची निम्मी झोप रेमचीच असते, त्यात ती हसतात, ओठ चोखतात, भुवया वर करतात. मोठेपणी रेम पाव रात्रीच्या आसपास येतं. सटवाईचं मलाही आवडतं, माझ्या मुलीच्या वेळी मीच म्हणायचे :)

एडिसनकर
इथे न्यू जर्सीत सकाळी साडेपाचला इंडिया टीमचा कॉल असतो, म्हणून पावणेपाचला उठतो. झोपायला बारा. वीकेंडला दहापर्यंत झोपलो की एवढी स्वप्नं पडतात की थकायला होतं. म्हणजे माझं रेम कापलं जातंय ना? आणि शुक्रवारी दोन पेग मारले की झोप मस्त लागते पण साडेतीनला टक्क जाग, ते का?

तर्कटराव
हो, पहिल्याचं उत्तर हो. डीप आधी उरकलेलं असतं, पावणेपाचचा गजर कापतो तो शेवटचा, रेमचा मोठा तुकडा. आपण ज्याला साखरझोप म्हणतो तोच. मग सुटीला मेंदू थकबाकी वसूल करतो. दारू आधी रेम दाबते, उतरली की झोप तुटते आणि दाबलेलं रेम उसळून येतं, म्हणून उत्तररात्री जाग आणि चित्रविचित्र स्वप्नं.

जागरणाची भरपाई पण सगळी होत नाही. १९६४ च्या सुरुवातीला सॅन डिएगोत रँडी गार्डनर नावाचा १७ वर्षांचा पोरगा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सलग ११ दिवस जागा राहिला, त्यानंतर झोपला तो १४ तासांच्या आसपास. म्हणजे ऐंशी-नव्वद तास बुडाले तरी तास परत मागितले नाहीत, वसुली मुख्यतः डीप आणि रेमची झाली. (घरी करून बघू नका. मंगळागौरीच्या एका जागरणाने आमच्याकडे तीन दिवस भांडणं होतात.)

सोलापुरी_चादर
आणि वामकुक्षी? मी दुपारी वीस मिनिटं पडलो तर ताजातवाना, तासभर झोपलो तर संध्याकाळी डोकं जड, चिडचिड, चहा पण कडू लागतो.

रात्रपाळी
वीस मिनिटांत एन१-एन२ पर्यंतच जाता. तासाभरात डीपमध्ये शिरता आणि गजर तिथूनच ओढून काढतो. एक तर वीस मिनिटं, नाहीतर पूर्ण फेरी, दीड तास.

कुंभकर्णाचा_भाचा
पुण्याच्या दुकानदारांनी १ ते ४, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या ठरवल्या आहेत. उगाच नावं ठेवता.

रुमाल_टाकू
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). शास्त्राधारित वेळ.

बरं, पहाटेची स्वप्नं खरी होतात म्हणतात त्याचं काय?

तर्कटराव
खरी होत नाहीत, लक्षात राहतात. पहाटे रेम जास्त, आणि त्यातूनच थेट जाग येते. अडीच वाजता पडलेलं स्वप्न खरं झालं तरी तुम्हाला कळणार कसं, ते विसरलेलं असतं.

तरी एक उदाहरण देतो. ऑस्ट्रियात ग्राझला ओटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते, १९२१ च्या सुमाराची गोष्ट, त्यांनीच सांगितलेली. रात्री स्वप्नात प्रयोग दिसला, उठून कागदावर खरडला, सकाळी स्वतःचं अक्षर स्वतःलाच लागेना. दिवसभर डोकं धरून बसले. दुसऱ्या रात्री तीनला परत तेच स्वप्न, या वेळी न खरडता सरळ प्रयोगशाळेत गेले आणि दोन बेडकांची हृदयं घेऊन प्रयोग केला. नसा रसायनातून निरोप देतात हे त्यातून कळलं, १९३६ चं नोबेल मिळालं. ते रसायन ॲसिटिलकोलिन, आणि गंमत अशी की रेममध्ये मेंदूत याचीच चंगळ असते.

मोगरा६०
मी फक्त वाचते, लिहीत नाही फारसं. पण विचारावंसं वाटलं. आमचे हे ६६ वर्षांचे. गेली दोनेक वर्षं पहाटे झोपेत ओरडतात, हात-पाय झाडतात, मागच्या महिन्यात पलंगावरून पडले, भुवईला तीन टाके. उठवलं की लगेच जागे होतात आणि सांगतात, रानडुकरं उसात शिरली होती, हाकलत होतो. शेती विकून पंधरा वर्षं झाली. मलाही एकदा जोरात लागलं. आम्ही घरात चेष्टेवारी नेतो, नातू त्यांना डुक्करमार आजोबा म्हणतो.

सोलापुरी_चादर
काकू, उसाची काळजी जात नाही हो, आमचे वडील पण असेच :)

रात्रपाळी
मोगरा काकू, हे चेष्टेवारी नेऊ नका. घाबरवत नाही, पण सांगायलाच हवं.

रेममध्ये स्नायूंना कुलूप लागतं म्हणून आपण स्वप्नात धावतो पण पलंगावर पडून राहतो. हे कुलूप मेंदूच्या देठात असतं. फ्रान्समध्ये लियॉंला मिशेल जुवे यांनी मांजरांमध्ये तिथला छोटा भाग निकामी करून बघितला, तर मांजरं झोपेतच उठून न दिसणाऱ्या उंदरावर झडप घालायला लागली. माणसांमध्ये हाच आजार १९८६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट नोंदवला, आणि बरेच पेशंट काकांच्याच वयाचे पुरुष होते. पहाटे होणं, लगेच जागं होणं, स्वप्न आठवणं, तुमचं वर्णन तसंच आहे. पण घोरण्यातून श्वास अडकला तरी असं दिसू शकतं, काही गोळ्यांनीही होतं, म्हणून तपासणी हवी.

न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. काही जणांमध्ये ही पुढे येणाऱ्या पार्किन्सनसारख्या आजाराची बरीच वर्षं आधीची खूण असते, म्हणून लक्ष ठेवायला लागतं. झोपेतल्या मारामारीवर औषधं आहेत. तोवर पलंगाशेजारचं टेबल, काच, पाण्याचा तांब्या हलवा, खाली गादी टाका आणि तुम्ही वेगळ्या पलंगावर झोपा. जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, फार उपयोग होतो.

सोलापुरी_चादर
काकू, माफ करा. मला माहीत नव्हतं. वडिलांना पण घेऊन जातो आता.

मोगरा६०
माफी कसली रे बाळा. वास कमी येतो असंही हे म्हणतात, फोडणी जळली तरी कळत नाही, त्याचा काही संबंध आहे का?

रात्रपाळी
ते पण डॉक्टरांना नक्की सांगा काकू. जाण्याआधी सगळं एका कागदावर लिहून न्या.

आणि धागाकर्ते, तुमचं राहिलंच. घड्याळ मनगटावर आहे, डीप मेंदूत आहे. त्या हिरव्या दिव्याने नाडी मोजायची, हालचाल मोजायची आणि त्यावरून टप्प्याचा अंदाज बांधायचा. किती वाजता झोपलात-उठलात ते बरं सांगतं, टप्प्यांचे आकडे मात्र फार मनावर घेऊ नका. आणि चाळिशीनंतर डीप कमी होतच जातं, सात तासांत तासभराच्या आसपास यात लाल होण्यासारखं काही नाही. दिवसा पेंगत नाही म्हणालात ना? मोठ्याने घोरता का ते बायकोला विचारा, नसाल तर विषय संपला. आकड्यांच्या काळजीने झोप उडणं हे इतकं वाढलंय की २०१७ मध्ये त्याला नावसुद्धा दिलं, ऑर्थोसोम्निया. मॅग्नेशियमचं डॉक्टरांना विचारा, जायफळाचं सासूबाईंना.

सिंहगड_रोडवाला
एवढी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं. काल एक प्रयोग केला. रात्री सोफ्यावर आडवा पडून अजिबात न हलता पूर्ण क्रिकेटची मॅच बघितली. घड्याळाने ३५ मिनिटं लाइट स्लीप दाखवली. आज सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये पण २० मिनिटं दाखवली, पण त्याबद्दल मी ठामपणे काही सांगू शकत नाही.

बायको म्हणते घोरत नाही, “फक्त फुसफुसतोस.” रिपोर्टचं नोटिफिकेशन बंद केलंय. मोगरा काकू, डॉक्टरांकडे जाऊन आलात की इथे जरूर कळवा.

मोगरा६०
शुक्रवारची वेळ मिळाली आहे. नातवाने व्हिडिओ काढायची जबाबदारी घेतली आहे, रोज गजर लावून चारला उठतो.

एडिसनकर
त्याचं रेम बुडतंय की!

कुंभकर्णाचा_भाचा
धागाकर्ते, घड्याळ विकणार असाल तर सांगा. मातोश्रींना द्यायचंय. पट्टा कुठल्या रंगाचा आहे?